भगवंतरावांचा हंगेरियन सिनेमा

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सुलतान बाजारातल्या एका जुन्या ग्रंथालयाच्या माडीवर मराठी चित्रपट-रसिक मंडळ भरत असे. त्यात रसिक एकच आहे, याबद्दल अध्यक्ष भगवंतरावांच्या मनात शंका नव्हती. उरलेल्या चौदा जणांना ते सभासद म्हणत.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी सकाळचं फिरणं आणि जागतिक सिनेमा अशा दोन गोष्टी एकदमच सुरू केल्या होत्या. फिरणं पंधरा दिवसांत सुटलं. जागतिक सिनेमा टिकला, कारण तो बसून करता येत होता, आणि बराचसा तर न बघताच.

त्या रविवारी प्रत्येकानं आपला आजवरचा सगळ्यात आवडता सिनेमा सांगायचा होता आणि त्यांची यादी करायची होती. कुसुमताईंनी चार जावा एकत्र नांदतात असा कौटुंबिक सिनेमा सांगितला, तेव्हा भगवंतरावांनी डोळे मिटून घेतले. कुणी मारामारीचा सांगितला, कुणी देवाचा. भगवंतराव प्रत्येकाला विचारत होते, की हे सगळं ठीक आहे, पण यात सिनेमा कुठे आहे?

मग विमलाबाई उठल्या. मूळच्या नांदेडच्या, सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स. त्यांचा आवडता सिनेमा तेलुगू होता, जुळ्या भावांचा. तो त्यांनी अकरा वेळा पाहिला होता.

"अकरा वेळा?" भगवंतरावांनी विचारलं.

"हौ. पहिल्या दहा वेळेला ड्यूटीमुळं इंटरवललाच उठावं लागलं."

सगळे हसले. भगवंतराव हसले नाहीत. त्यांनी आपला सिनेमा सांगितला. तो हंगेरीचा होता, काळापांढरा, सव्वादोन तासांचा, आणि त्यात एक म्हातारा नदीकाठी नावेची वाट पाहतो. "चार वेळा पाहिलाय," ते म्हणाले, "आणि दर वेळी आठवडाभर कुणाशी बोललो नाही." यावर त्यांच्या पत्नीला, सुशीलाबाईंना, बरंच सांगता आलं असतं, पण सभासदांच्या बायकांना मंडळात बोलावत नसत. भगवंतरावांनी तो सिनेमा एकदाही पाहिला नव्हता. कुठल्याशा मासिकात त्याच्यावर अर्धं पान वाचलं होतं.

अडचण प्रज्ञेशनं केली. हा सॉफ्टवेअर कंपनीतला नवा सभासद. मराठी अडखळत वाचायचा, पण प्रोजेक्टर त्याचा होता. चार दिवसांत त्यानं तो सिनेमा शोधून काढला आणि ग्रुपवर टाकलं, की पुढच्या महिन्यातल्या रविवारी फिल्म दाखवू, आधी सर बोलतील. सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले.

आता चार वेळा पाहिलेला सिनेमा त्या पोराकडे मागायचा कसा? भगवंतरावांनी इंटरनेटवर परीक्षण शोधलं, मन लावून वाचलं आणि सात कार्डांवर उतरवून काढलं. हंगेरीत त्याच नावाचा आणखी एक सिनेमा वीस वर्षांनी निघाला होता आणि परीक्षण त्याचं होतं, एवढंच त्यांच्या लक्षात आलं नाही.

रविवारी ते पंधरा मिनिटं बोलले. लाल नाव, ती शेवटी पेटवून देणारी बाई, त्या ज्वाळांमधून दिसणारं माणसाचं एकाकीपण.

"सर, पण फिल्म ब्लॅक अँड व्हाइट आहे ना?" प्रज्ञेशनं विचारलं. "मग लाल?"

"रंग मनाला दिसावा लागतो," भगवंतराव म्हणाले. चौघांनी ते वहीत लिहून घेतलं.

सिनेमा सुरू झाला. एक म्हातारा काखेत बदक घेऊन काठावर उभा होता. वीस मिनिटांनीही तो उभाच होता. नाव नव्हती, बाई नव्हती. सभासद भक्तिभावानं सोसत होते. शेवटी कुसुमताईंनी हळूच विचारलं, की पेटवणारी बाई कधी येते.

भगवंतरावांनी उठून दिवे लावायला सांगितले. हा तो सिनेमा नव्हेच, त्यांनी जाहीर केलं. प्रज्ञेश म्हणाला, तुम्ही सांगितलेलाच डायरेक्टर आहे, इयर सेम आहे. भगवंतराव म्हणाले, कुणीतरी तेच नाव देऊन काढलेली ही भिकार नक्कल आहे, निव्वळ कचरा आहे, आणि ज्याला दृष्टी आहे त्याला पहिल्या मिनिटात कळतं. स्वतःला कळायला पंचवीस मिनिटं का लागली, हे विचारण्याइतकी दृष्टी मंडळात कुणालाच नव्हती.

माडी सहापर्यंत घेतलेली होती आणि चहा साडेपाचला यायचा होता, म्हणून सिनेमा तसाच पुढे चालू ठेवला. आता सभासद मोकळे झाले. म्हाताऱ्याला नावं ठेवू लागले. एकानं बदकाचा आवाज काढला. तिरस्कार नीट दिसावा म्हणून भगवंतराव सर्वांत मागच्या खुर्चीवर जाऊन बसले, आणि तिथे काही सिद्ध करायचं उरलं नसल्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच सिनेमा बघू लागले.

नाव कधीच बंद पडली होती. वरच्या अंगाला पूल झाला होता. म्हाताऱ्याला ते माहीत होतं. पण पलीकडच्या काठावर रोज त्याच वेळी एक म्हातारी येऊन उभी राहायची. दोघं एकमेकांकडे बघायचे आणि घरी जायचे. एक दिवस ती आली नाही. म्हाताऱ्यानं तीन दिवस वाट पाहिली आणि मग बदक पाण्यात सोडलं. ते अर्ध्या नदीपर्यंत गेलं आणि परत फिरलं. भगवंतरावांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला.

दिवे लागले. "बरं झालं सर, तुम्ही आधी सांगितलंत," कुसुमताई म्हणाल्या. "नाहीतर आम्ही चांगला समजून बसलो असतो."

तेवढ्यात विमलाबाई उभ्या राहिल्या. "यादीत माझं बदलून लिहा," त्या प्रज्ञेशला म्हणाल्या. "मला हाच पायजे. एक नंबरला."

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. ते भगवंतरावांच्या ओठांवर आलंही होतं. पण समोर चौदा चेहरे होते आणि सात कार्डं अजून हातातच होती.

"विमलाबाई," ते म्हणाले, "अभिरुची एका दिवसात तयार होत नसते."

लोक हसले. "बरं," विमलाबाई म्हणाल्या. "पण लिहा."

दोघंही चिक्कडपल्लीला राहत, म्हणून नेहमीसारखे एकाच ऑटोत बसले. विमलाबाई बाहेर बघत होत्या. काचीगुडा मागे पडल्यावर भगवंतरावांनी विचारलं, "ते बदक परत का फिरलं असेल हो?"

"तुम्ही बघितलं नव्हतं?"

"मी मागं होतो. नीट दिसलं नाही."

गोळी घेतली म्हणून सांगणाऱ्या पेशंटकडे बघावं, तसं विमलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पर्स मांडीवर नीट ठेवली. "असं नाही कळायचं. पहिल्यापासून सांगावं लागंल."

भगवंतरावांनी पुढे वाकून ऑटोवाल्याला हिमायतनगरवरून घ्यायला सांगितलं.

"उधर से लंबा पडता साब."

"पडने दो," भगवंतराव म्हणाले, आणि विमलाबाईंकडे वळले. "हं. म्हातारा येतो. मग?"