वंचक म्हणजे कोण?

"आवं मास्तर, वंचक म्हंजे काय वो?" निवृत्त सुभेदार दादासोंनी केरू मास्तरांच्या दारात उभं राहूनच मोबाईल पुढं केला.

गावच्या ग्रुपवर त्यांच्या सुनेनं, अंकितानं, फोटो टाकला होता. तळ्याचा काठ, चिखल, आणि चिखलामागं कमरेवर हात देऊन उभे असलेले खुद्द दादासो. खाली लिहिलं होतं, 'आपल्या तळ्यावरचा वंचक. रोज सकाळी इथंच उभा असतो. दिसतो साधा, पण भलताच चतुर!' त्यावर एकोणतीस जण हसले होते.

मास्तरांनी शब्दकोश काढला, चष्मा पुसला आणि वाचलं, "फसवणारा. ठक. लबाड."

"आनि?"

"एवढ्यावर भागंना व्हय?"

दादासोंच्या कानशिलाची शीर उडायला लागली. चोवीस वर्षं फौजेत काढली, कुणी मान वर करून बोललं नव्हतं. आणि दोन महिन्यांपूर्वी सांगलीच्या विश्रामबागेतून लग्न होऊन आलेली पोर सगळ्या गावासमोर ठक म्हणते! त्यांनी तिथूनच फोन लावला. अंकिता तिकडंच कॉलेजात शिकवायला गेलेली. फोन बंद.

घरी येऊन ते बायकोवर घसरले. "तुज्या सुनंनं मला लबाड म्हटलंय!"

मंगलाबाईंनी फोटो निरखून बघितला. "चांगला आलाय की. बंडी तेवढी मळकी दिसतीया."

दादासो आणखीच भडकले. एका बोटानं त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'मी कुनाला फसवलं आसंल त्यानं पुराव्यासकट हितं लिवावं. मी कुनाच्या बापाला भीत न्हाई.'

तिथंच घोटाळा झाला. तोवर गाव नुसतं हसत होतं, आता लिहायला बसलं. मुक्ताबाईंनी लिहिलं, 'आमची शिडी चार वर्सं झाली तुमच्या गोठ्यात हाय.' जयराजनं लिहिलं, 'माझ्या पाळीचं पाणी तुमच्या उसाला कसं गेलं?' शेवटी शेजारचे भाऊसो उगवले, 'बांध दोन फूट आमच्यात सरकवलाय. पुरावा बांधावरच हाय, या बघायला!'

दुपारी अंकितानं उंबऱ्यात पाय ठेवला, तशी तोफ सुटली. "सूनबाई, मी ठक व्हय?"

"तुम्ही? मामा, मी बगळ्याबद्दल लिहिलंय!"

"कुठाय बगळा? सगळ्या फोटोत मी एकटा!"

तिनं फोटो मोठा करून दाखवला. "हा काय, तुमच्या पायापासून चार हातांवर."

दादासोंनी तीनदा बघितलं. चौथ्यांदा चिखलाला डोळा फुटला, मग चोच, मग अख्खा पक्षी.

"आगं, ही तर ढोकरी!"

"तिलाच वंचक पण म्हणतात. चिखलात चिखलासारखी होऊन उभी राहते, माशांना पत्ताच लागत नाही. फसवते म्हणून वंचक."

"मग ढोकरी लिवायला हात मोडला हुता?"

"ढोकरी सगळ्यांना माहीत आहे. म्हटलं, गावाला दुसरं नाव कळू दे." अंकितानं नाक पुसलं. "मी तुम्हाला तसं म्हणेन का हो, मामा?"

पोरीचे डोळे भरलेले बघून दादासो चपापले, पण राग काही उतरेना. "रडू नगंस. आदी त्या बगळ्याभवती गोल काढ आनि टाक ग्रुपवर. मोठ्ठा काढ!"

अंकितानं तांबडा गोल काढून फोटो टाकला. गावानं भराभर माफी मागितली. 'ढोकरीला वंचक म्हंत्यात व्हय!' म्हणून कुणी नवल केलं. दादासोंच्या मिशा जरा वर आल्या. तेवढ्यात भाऊसोंचा मेसेज आला, 'ढोकरीचं मिटलं. बांधाचं काय?'

दादासोंच्या मिशा पुन्हा खाली आल्या.

आता मात्र मंगलाबाईंचा तोल गेला. सकाळपासून येईल तो त्यांच्या मालकाला नावं ठेवत होता. हात पदराला पुसून त्यांनी मोबाईल हिसकावला, माईकचं बटण दाबलं आणि आभाळ फाटल्यासारख्या गरजल्या, "भाऊसो, वयानं थोरलं हाईसा, खोटं बोलताना लाज वाटू द्या! दोन फूट कुठला? दीड हाय, दीड! टेप मीच धरला हुता!"

दादासोंचा हात मोबाईलपर्यंत पोचला, तेव्हा आवाज गावभर गेला होता.