वंगणवाले सबनीस अण्णा

आमच्या सोसायटीत कोणी नवीन राहायला आलं की बाकीचे विचारतात, "मूळचे कुठले?" सबनीस अण्णा विचारतात, "घरात तेल कुठलं?"

मलाही त्यांनी लिफ्टमध्येच विचारलं होतं. आम्ही नागपूरहून इकडे कानडी मुलखात, जे. पी. नगरला येऊन चार दिवस झाले होते, हातात पडद्याचा दांडा होता आणि पोटात सातवा महिना. मी म्हटलं, "जवसाचं थोडं आणलंय आईने. एरवी शेंगदाणा."

अण्णांचा चेहरा उजळला. 'ठीक' म्हणायला त्यांच्या तोंडी कानडी 'सरी' बसलेलं. "जवस! सरी सरी. मग तुझं माझं भांडण होणार नाही."

अण्णा चाळीस वर्षांपूर्वी सोलापूरहून इथे एका सरकारी कारखान्यात आले आणि निवृत्तीपर्यंत यंत्रांची वंगणं तपासत राहिले. यंत्र कुरकुरायला लागलं की आधी वंगण बघायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. निवृत्तीनंतर यंत्रं सुटली, म्हणून ते माणसांकडे वळले, असं सोसायटीत म्हणत. माणसाचा मेंदू निम्म्याहून जास्त चरबीचाच असतो, तेव्हा तो काय खातो तसाच वागणार, हा त्यांचा सिद्धांत. दुसऱ्या मजल्यावरचे चिडके गृहस्थ म्हणजे पामतेल. "लवकर तापतं, उशिरा निवतं." स्वतःच्या सख्ख्या भावाला ते डालडा म्हणत. "वरून घट्ट. बोट लावलं की कळतं."

पार्किंगवरून एकदा सभेत दोघे हमरीतुमरीवर आले. अण्णा शांतपणे उभे राहिले. "काल संध्याकाळी काय खाल्लंत?" दोघांनीही कोपऱ्यावरच्या गाडीवरचे बोंडे खाल्ले होते. "बघा! तिसऱ्यांदा तापवलेलं तेल आहे ते. सभा परवावर ढकला, उतरू दे." लोक इतके हसले की सभा खरंच परवावर गेली. रिक्षावाल्याने जास्त भाडं मागितलं, तर अण्णा भाड्याबद्दल चकार शब्द काढत नसत. त्याच्या आरोग्याची चौकशी करत आणि 'स्वल्प', म्हणजे थोडे, शेंगदाणे खायला सांगत. तो बिचारा मीटर टाकून मोकळा व्हायचा.

मुलगी झाली. आई दोन महिने राहून परत गेली. समीर, माझा नवरा, सकाळी आठला व्हाइटफील्डच्या ऑफिसच्या कॅबमध्ये बसायचा तो रात्री जेवायलाच उगवायचा. आणि मला काहीतरी झालं. काय ते सांगता येत नव्हतं. कुकरची शिट्टी झाली तरी रडू यायचं. केस विंचरायचा कंटाळा. मुलगी रडायची आणि मी दुसऱ्याच कोणाचं मूल रडतंय अशी बघत बसायचे. समीरला मी "झोप नाही होत" इतकंच सांगत होते.

अण्णांच्या ते लक्षात आलं, कारण तेलावरून त्यांच्याशी रोज घालायचे तो वाद मी बंद केला होता. मग दारात वस्तू येऊ लागल्या. आधी जवसाची चटणी, मग अक्रोड, मग कुठल्याशा ओळखीच्या गवळ्याचं लोणकढं तूप. "दोन चमचे गरम भातावर. आठ दिवसांत फरक." आठ दिवसांनी अण्णा तीळ घेऊन हजर. "तुपाने नाही ना? सरी. मग तेल बदलू."

त्या दिवशी माझा तोल गेला. मी दारातच ओरडले, "अण्णा, पुरे करा! तेलाने काही होत नाहीये मला. मला माझ्या मुलीला उचलून घ्यावंसंच वाटत नाही. कळतंय का तुम्हाला?"

हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले होते. अण्णा मागे वळले. तिळाची पुडी हातात तशीच धरून जिना उतरून गेले. लिफ्टसुद्धा घेतली नाही त्यांनी.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. अण्णा एक डबा अंगापासून लांब धरून उभे होते. "बांगडा आहे. तळमजल्यावरच्या शेट्टी अक्कांनी करून दिलाय. तू खातेस ना?"

अण्णा कांदासुद्धा चतुर्थीला टाळणारे. मी विचारलं, "आणला कोणी?"

"मीच. दुकानदार हसला. ताजा कसा ओळखायचा ते मला कुठे ठाऊक? म्हटलं, बाबा, तूच निवड."

ते आत येऊन बसले. पाळण्याकडे बघत म्हणाले, "आमची ही, शालू, कारवारची. बांगड्यावर वाढलेली. आमच्या घरात आली आणि एका शब्दाने न बोलता सगळं सोडलं. मग माझं कोलेस्टेरॉल वाढलं, तर मी घरातलं तूप बंद केलं, खोबरं बंद केलं, फोडणीसुद्धा बंद. दहा वर्षं उकडलेलं खाल्लं तिने माझ्याबरोबर. हळूहळू बोलायची बंद झाली. खिडकीशी बसून राहायची. मी लोकांना सांगायचो, शांत स्वभाव आहे हिचा."

मी त्यांच्या हातातला डबा घेऊन खाली ठेवला.

"एकदा मला म्हणाली, मला बरं वाटत नाही हो. मी विचारलं, कुठे दुखतंय? म्हणाली, कुठेच नाही. मी म्हटलं, मग झालं तर." अण्णांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "पुढे न्यूमोनियाने गेली ती. नंतर कुठल्याशा मासिकात वाचलं, खाण्यातल्या चरबीचा मनाशी संबंध असू शकतो म्हणून. तेव्हापासून हे सुरू केलं. सोपं पडतं ना. तेल चुकलं म्हणायचं. मी चुकलो म्हणण्यापेक्षा."

पाळण्यातली मुलगी कुरकुरली. अण्णांनी पायाने दोरी हलवली.

"काल तू बोललीस, तेव्हा कुठे दुखतंय असं मला विचारायचं नव्हतं, म्हणून निघून गेलो. मनाच्या डॉक्टर आहेत एक, जवळच. सकाळी जाऊन उद्याची वेळ घेऊन आलोय. तुला न विचारता घेतली. रागाव हवं तर. पण चल."

मी रागावले नाही. रात्री समीरला सगळं सांगितलं. तो बराच वेळ माझा हात धरून बसला. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातून परस्पर दवाखान्यात येणार होता, पण हमरस्त्यावरच्या गर्दीत अडकला. म्हणून अण्णाच आले आणि मुलीला घेऊन बाहेरच्या बाकावर बसले.

डॉक्टरबाई माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे न बघता ऐकून घेतलं. बाळंतपणानंतर असं पुष्कळ जणींना होतं, औषध आहे, बरं होतं, असं सांगितलं. निघताना मी अण्णांच्या तेलाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "काही संबंध असावा असं म्हणतात. बांगडा जरूर खा. पण गोळीही घ्या, आणि बोलत राहा."

मी बाहेर आले. मुलगी अण्णांच्या खांद्यावर झोपली होती, आणि तिला धक्का लागू नये म्हणून ते भिंतीसारखे ताठ बसले होते. मला बघून त्यांनी हळूच विचारलं, "झालं?"

"झालं, अण्णा. आता पंधरा दिवसांनी यायचंय."

त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

"तासभर," ते म्हणाले. "एवढाच वेळ लागतो होय?"

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. मुलीला मागून घेतलं नाही. म्हटलं, झोपू दे थोडा वेळ त्यांच्या खांद्यावर.