चुरीकाकींचं ओलं दार

दुकानात ब्रश घ्यायला गेल्या की चुरीकाकी आधी डोळे मिटत. मग तो ब्रश स्वतःच्या गालावरून फिरवत, तळहातावर आपटत, आणि एक केस जरी गळला तरी तो चिमटीत धरून दुकानदाराच्या नाकासमोर नाचवत. "ह्याला आताच टक्कल पडतंय. माझ्या दाराला केस चिकटला म्हंजे?"

पालघरच्या त्या दुकानदारानं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "साहेब, या बाई रंग देतात की लग्नं जमवतात?"

काकी आमच्या घरमालकीण. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा मी तिथं नोकरीला लागलो आणि बायकोला, कुसुमला, घेऊन साताऱ्याहून बोईसरला आलो. काकींच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. त्यांचे यजमान वारलेले, मुलगी सफाळ्याला दिलेली. घराला रंग त्या स्वतः देत. रंगारी बोलवा म्हटलं की म्हणत, "तो रंग फासून जाईल. मग माझा जीव थाऱ्यावर राहील काय?"

जीव थाऱ्यावर नसणं हा त्यांचा कायमचा आजार. चुन्याचा ब्रश कुणी चुकून तैलरंगात बुडवला तर? ओल्या चौकटीवरून पाल गेली तर? नवा ब्रश जवसाच्या तेलात भिजत ठेवत आणि दूध उतू जाणार असल्यासारख्या सारख्या उठून बघत. काम झालं की तो घासलेटनं, मग साबणानं धूत, विंचरत आणि कागदात गुंडाळून ठेवत.

"एवढी निगा माझ्या केसांची कुणी केली नाही," कुसुम एकदा हसत म्हणाली. दुसऱ्या दिवशी काकी खोबरेल तेलाची वाटी घेऊन दारात. "बस बाय, इकडं."

पुढं केंद्राच्या वसाहतीत मला क्वार्टर मंजूर झालं. रात्री काकींना सांगितलं. सकाळी बघतो तो काकी पॉलिशपेपर घेऊन आमचं दार घासतायत.

"काकी, आम्ही तर चाललो!"

"म्हणून दार असंच ठेवू? लोक काय म्हंतील?"

एरवी दोन इंची ब्रशनं त्या सकाळी दार सुरू करत आणि जेवायच्या आत उरकत. या वेळी खिडकीच्या जाळीच्या कोपऱ्यांसाठी ठेवलेला अर्धा इंची ब्रश काढला. "मोठा ब्रश रेघा ठेवतो," म्हणाल्या. टोक तेवढं रंगात बुडवायचं, डब्याच्या काठाला निपटायचं, बोटभर जागा रंगवायची आणि मागं सरून बघायचं. फळी संपता संपेना. पहिला हात झाला, दुसरा झाला, मग तिसरा निघाला. तोवर पेट्या हलवायच्या नाहीत. दाराला चरे पडतील!

आता माझा जीव थाऱ्यावरून उडाला. ताबा वेळेत घेतला नाही तर क्वार्टर दुसऱ्याला जाईल, असं साहेबांनी बजावलं होतं. कामावर असताना मला ते दार दिसे. घरी आलो की चपला काढायच्या आधी विचारायचो, "वाळलं?"

"नाय अजून."

मुदत उद्यावर आली तेव्हा मी न विचारता बेटेगावची बैलगाडी ठरवली. गाडी आली. मी ट्रंक उचलली, तर काकी ब्रश घेऊन दारात आडव्या.

"थांबा. ओलं हाय."

मी ट्रंक आदळली आणि रागानं दाराला बोट लावलं. रंग खडखडीत वाळला होता. काकींच्या हातातला ब्रशही कोरडा होता. त्यांनी माझ्या बोटाकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून कुसुम म्हणाली, "अहो, ओलंय ना? मग उद्या सकाळी निघू."

गाडीवाला कुरकुरला. "ओलं हाय तर मला कशाला बोलावला?"

मी खिशातून रुमाल काढला आणि ते स्वच्छ बोट चांगलं घासून पुसलं. "ओलंच आहे रे," म्हटलं. "उद्या ये."

काकी पदरानं तोंड पुसून लगबगीनं आत वळल्या.

"मग भात टाकते," आतून आवाज आला. "बोंबील खाल ना तुमी?"