शंकरकाकांचा पासवाला ढेकूण

आमचे शंकरकाका दिसेल त्या किड्याला भिंगाखाली धरून विचारत, "कोठून बसला बे?" आयुष्य एसटीत कंडक्टर म्हणून गेलं. निवृत्तीनंतर पातूरला सीताफळाची दहा झाडं लावली, तरी प्रवासी तपासायची सवय सुटली नाही. मी अकोल्याहून गेलो की मलाही तोच प्रश्न. मला मुंगी अन् वाळवी यांतला फरक कळत नाही, त्यामुळे त्यांच्या लेखी माझा दर्जा किड्याच्याही खालचा.

सीताफळाचा रस शोषणारा पांढरा पिठ्या ढेकूण म्हणजे "आपला, पासवाला." थोडाफार त्रास द्यायचा, काका खपवून घ्यायचे. मग त्यांची लेक मंगल बदली होऊन बंगळूरला निघाली, आणि जाताना एक पपईचं रोप देऊन गेली. काकांनी ते सीताफळांच्या मधोमध, अगदी खेटून लावलं. मी म्हटलं, जरा दूर लावा.

"दूर कावून लावू? एकटं पडते ना थे."

पपई वाढली, तिची पानं सीताफळांना टेकली, आणि तिच्यावर दुसराच पिठ्या आला. कृषी सहायक म्हणाले, हा परदेशातला. याच्या गोड चिकट्यावर मुंग्या जमतात, अन् पिठ्याला खाणाऱ्या किड्यांना त्या हुसकून लावतात. मुंग्यांची रांग पानांवरून सीताफळाच्या झाडांत शिरली, तसं पासवाल्यालाही संरक्षण मिळालं. पानं काळी पडली, फळं चिकट झाली.

"पाह्य, बाहेरचा एक चढला अन् आपलेवाले बी माजले."

"काका, पपई तोडा."

"पोरीनं देल्ली थे. तू गप राह्य."

पंधरा दिवस ते ओल्या फडक्यानं पान न पान पुसत होते, तरी मुंग्या परत येत. पण दिवाळीला मंगल यायची होती, आणि तिला घरचं सीताफळ लागायचं. शेवटी त्यांनीच कुऱ्हाड घेतली. सीताफळांच्या बुंध्यांना मुंग्यांसाठी चिकट पट्ट्या बांधल्या. मला एवढंच म्हणाले, "मंगलले सांगू नको."

वसुबारसेला गेलो, तर ओसरीवर दोन टोपल्या भरून सीताफळं. चांगली डोळे उघडलेली. तेवढ्यात मंगलचा फोन आला. काका फोन नेहमी स्पीकरवरच घेत.

"बाबा, सुट्टी नाही मिळाली. सीताफळं ठेवली असतील ना तुम्ही?"

काकांनी टोपल्यांकडे पाहिलं. "कायची सीताफळं, माय. किड्यानं एक बी नाई ठेवलं. आली असती तं तुलेच वाईट वाटलं असतं."

"अन् माझी पपई?"

"हाये ना. मस्त हाये."

फोन ठेवून ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पिशवी आणली का बे? आण इकडं." एकेक फळ भरत गेले. सगळ्यात मोठं पिशवीत ठेवलं, परत काढलं, आणि कोनाड्यात नेऊन ठेवलं.