आत न आलेल्या गाड्या

चुकीचं चालत राहण्यापेक्षा वेळेवर बंद पडलेलं केव्हाही चांगलं! हे माझं ठाम मत आहे आणि ते मी ऑफिसात, घरात, लिफ्टमध्ये, जो सापडेल त्याला ऐकवत असतो.

मी गणराज. चाकणच्या एका कारखान्यात यंत्रांचे प्रोग्राम लिहितो. माझ्या प्रोग्राममध्ये जागोजागी एकेक खात्रीची ओळ असते. आमच्या धंद्यात तिला असर्शन म्हणतात. ती ओळ यंत्राला एवढंच सांगते, की इथवर आलास म्हणजे अमुक गोष्ट खरीच असणार. नसेल तर जागच्या जागी थांब आणि बोंब मार! बाकीचे लोक या ओळी चाचणीपुरत्या ठेवतात आणि खरं काम सुरू झालं की काढून टाकतात. म्हणजे घर रिकामं असताना राखणदार ठेवायचा आणि सामान आलं की त्याला गावी पाठवायचा! मला हे पटत नाही.

त्यामुळे पुनावळ्याच्या आमच्या सोसायटीनं गेटवर नवी यंत्रणा बसवायची ठरवली तेव्हा मी स्वतःहून पुढे झालो. प्रत्येक गाडीच्या काचेवर टॅग, गेटला तो वाचणारं यंत्र, आणि टॅग ओळखला की दांडा आपोआप वर! चेअरमन उद्धवरावांनी एकच काळजी बोलून दाखवली.

"गणराज, रविवारी आमच्या दिव्याचं लग्न आहे. तेवढं झाल्यावर सुरू करूया का?"

"काका, उलट रविवारीच सुरू करायचं! गर्दीत टिकलं तर खरं. आणि चुकीचं काही झालंच तर माझी खात्रीची ओळ लगेच थांबवेल."

"थांबवेल?" काकांनी डोळे बारीक केले.

"म्हणजे चूक थांबवेल हो!"

मी मुख्य ओळ अशी लिहिली होती: बाहेर निघालेली गाडी आधी आत आलेली असलीच पाहिजे. सांगा बरं, यात कुठं खोट आहे? आत न येता बाहेर जाईल ती गाडी की भूत? आणि असं भूत सापडलंच, तर भोंगा वाजून स्पीकरवर दणदणीत आवाजात सूचना व्हावी, म्हणून मी माझाच आवाज भरून ठेवला होता. हातानं दांडा उचलायचं बटणही काढून टाकलं होतं. बटण असलं की माणूस ते दाबतोच!

रविवारी सकाळी वॉचमन किसनच्या शेजारी मी अर्ध्या चड्डीत लॅपटॉप घेऊन बसलो. तिसरी पाळी संपवून एक शेजारी आले. टुंग! 'स्वागत आहे.' दांडा वर! दूधवाला आला, गेला. पेपरवाला आला, गेला. किसन मूळचा परभणीचा. तो खूश होऊन म्हणाला, "साहेब, लई शहाणी मशीन हाय!"

मी मशीनच्या वतीनं लाजलो.

तेवढ्यात फुलांनी मढवलेली नवरीची गाडी आली. आत दिव्या, उद्धवराव आणि काकांची मोठी बहीण सुभद्राआत्या. मागे वऱ्हाडाच्या गाड्यांची रांग. गॅलऱ्यांमध्ये सगळी सोसायटी नवरीला निरोप द्यायला उभी. गाडी दांड्यापाशी आली आणि भोंगा वाजला. पाठोपाठ स्पीकरमधून माझा आवाज घुमला,

"थांबा! असं होऊच शकत नाही!"

गॅलऱ्यांमधले निरोपाचे हात हवेतच राहिले!

मग स्पीकर पुन्हा कडाडला, "थांबा! असं होऊच शकत नाही!"

सुभद्राआत्यांनी छातीवर हात ठेवला. "अगं बाई! कोण हा? दिव्ये, काय भानगड आहे ही?"

"आत्या, मला काही माहीत नाही!"

"मग हा ओरडतोय कशाला? लग्न मोडायला आलाय मेला!"

तिसऱ्या मजल्यावरून माझ्या बायकोचा, विजयश्रीचा, आवाज आला. "अहो! हा तुमचा आवाज आहे!"

गॅलऱ्यांमधली सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी चड्डी सावरत उभा राहिलो आणि ओरडलो, "गैरसमज होतोय! मी दिव्याला नाही, गाडीला बोलतोय!"

"थांबा! असं होऊच शकत नाही!" स्पीकरनं मला साथ दिली.

"बायकोसमोर!" आत्या म्हणाल्या आणि त्यांनी सीटवर मान टाकली.

किसननं स्क्रीनवर वाचलं. "साहेब, ही गाडी आत आलीच न्हाई म्हणायलीय."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. यंत्रणा सुरू झाली आज सकाळी. गाड्या आत आल्या होत्या काल. यंत्राच्या लेखी कालची एकही गाडी आत आलेलीच नव्हती! बाहेरचे खुशाल येत होते, जात होते. अडकले होते ते फक्त घरचे!

"मुहूर्त चाकणच्या कार्यालयात आहे, गणराज," उद्धवराव हळू आवाजात म्हणाले. ते हळू बोलायला लागले की फार भीती वाटते.

"दोन मिनिटं, काका!"

सगळ्या गाड्या आत आल्याची नोंद मी हातानं करायला गेलो. यंत्र थांबलं. गेटवर टॅग न वाचता झालेली नोंद खोटीच असणार, अशी दुसरी खात्रीची ओळ मीच लिहिली होती. वॉचमननं लबाडी करू नये म्हणून! माझ्यापासून सोसायटीला वाचवायची चोख व्यवस्था मीच करून ठेवली होती. चौघा वऱ्हाड्यांनी मिळून दांडा उचलायचा प्रयत्न केला. दांडा हलला नाही, एकाची कंबर मात्र हलली.

शेवटी ती ओळच काढून टाकायची ठरवली. त्यासाठी चेअरमनच्या मोबाइलवर ओटीपी येतो. आणि मोबाइल होता सुमनताईंकडे, म्हणजे काकूंकडे. त्या सामान घेऊन आदल्या दिवशीच कार्यालयात गेल्या होत्या. माझ्या फोनवरून काकांनी त्यांना फोन लावला.

"सुमन, आत्ता आलेला ओटीपी सांग."

"कोण बोलतंय?"

"अगं, मी! तुझा नवरा!"

"माझ्या नवऱ्याचा फोन माझ्या हातात आहे! ओटीपी मागतोय चोर! लाज नाही वाटत लग्नाच्या दिवशी?"

"सुमन, माझा आवाज ओळखत नाहीस?"

"हल्ली आवाजसुद्धा बनवतात मेले, बँकेचा मेसेज आलाय मला!" आणि फोन बंद! पुन्हा लावला तर नंबर ब्लॉक!

उद्धवरावांनी शांतपणे फोन मला परत दिला. भोंगा चालूच होता. दिव्या गाडीतून उतरली. मला वाटलं आता ही रडणार. ती मुंडावळ्या बाजूला सारून मला म्हणाली, "दादा, मी चालत निघते. रिक्षा मिळेल ना बाहेर?"

तिचा तो समजूतदार आवाज ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

त्याच वेळी आमच्या बी विंगचे अर्जुनराव काठी टेकत आले. सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांचीच होती. मागच्या भिंतीपलीकडे अजून त्यांचा थोडा तुकडा आहे.

"काय रं गणराज, काय म्हनतंय तुझं मशीन?"

"बाहेर जायला आधी आत यावं लागतं म्हणतंय, आबा."

"आन् आमी? आमी कवा आत आलो? आमी हितंच व्हतो, सोसायटीच आमच्यात आली!" ते खो खो हसले. "चला मागनं. भिंतीत खिंडार हाय, निस्ते पत्रे लावल्यात. कांदा काढून झालाय, रान मोकळंच हाय."

नवरीची गाडी मागे घेतली तसा भोंगा गप्प झाला. पत्रे निघाले. अर्जुनरावांनी ट्रॅक्टर काढला. "मी गाडीत नाही, ट्रॅक्टरवर बसणार!" म्हणून दिव्यानं हट्ट धरला आणि शालू सावरत ती त्यांच्या शेजारी चढली. शुद्धीवर आलेल्या सुभद्राआत्या ट्रॉलीत, शेजारी विजयश्री. मागून ट्रॅक्टरच्या चाकोरीतून एकेक गाडी डुलत रस्त्याला लागली. लग्नाला न येणारे लोकही, संधी आहे तर घ्या म्हणून, त्याच वाटेनं कामाला गेले. मी लॅपटॉप उघडून बसणार, तोच उद्धवरावांनी माझं बखोट धरलं.

"तू इथं एकटा थांबायचं नाही. माझ्या नजरेसमोर बसायचं!"

विजयश्रीनं आणलेली पँट मी ट्रॉलीतच, आत्यांकडे पाठ करून चढवली.

कार्यालयापाशी ट्रॅक्टरवरून उतरणारी नवरी पाहून नवऱ्याकडची मंडळी इतकी खूश झाली, की नवरदेवानंही ट्रॅक्टरवर बसून फोटो काढले. मुहूर्त गाठला. काकूंनी जेवताना मला अभिमानानं सांगितलं. "सकाळी एका भामट्यानं ओटीपी मागितला होता. मी नाही दिला!" शेजारी उद्धवराव जिलेबी खाता खाता मान खाली घालून हसत होते.

संध्याकाळी परतलो तर काय! लोक रीतसर पुढच्या गेटनं आत येत होते. टुंग, स्वागत आहे! टुंग, स्वागत आहे! प्रत्येक गाडीची नोंद होत होती. म्हणजे आता सगळं जुळलं! काही दुरुस्त न करता सगळं दुरुस्त झालं! एका ओळीलाही हात लावायची गरज नव्हती.

"बघा काका," मी छाती काढून म्हणालो, "ओळ बरोबरच होती. लोकच आधी नीट आत आले नव्हते."

काकांनी भरल्या पोटावरून हात फिरवत लिफ्टचं बटण दाबलं.

सोमवारी सकाळी मी आधी खाली येऊन गंमत बघत उभा राहिलो. उद्धवरावांची गाडी गेली. शेजाऱ्यांची गेली. दांडा सलाम केल्यासारखा वर-खाली होत होता. मी शीळ घालत माझी गाडी पार्किंगमधून काढली आणि ऐटीत गेटपाशी आणली.

"थांबा! असं होऊच शकत नाही!"

मागे पाच-सहा गाड्यांनी हॉर्न सुरू केले. किसन खिडकीशी वाकला. त्याला हसू आवरत नव्हतं.

"साहेब, समदे काल बाहीर जाऊन आत आले. तुमची गाडी हललीच न्हाई."

गाडी रिव्हर्स घेत, प्रत्येक हॉर्नवाल्याची माफी मागत मी पुन्हा पार्किंगमध्ये लावली आणि चालत गेटबाहेर पडलो. माणसांना टॅग लावायचं डोक्यात आलं होतं माझ्या. विजयश्रीनं नको म्हटलं म्हणून बरं!