काकूंचे उड्या मारणारे सूंस

गुहागरच्या किनाऱ्यावर बच्चाकाकांनी एका बगळ्याला त्याचं गाव विचारलं. नुसतं गाव नाही. "गाव कोणतं, कूळ कोणतं, सोबत कोण?" असे तिन्ही प्रश्न, क्रमाने, हातात वही आणि पेन धरून. बगळा एका पायावर उभा होता तो दुसऱ्या पायावर आला, इतकंच. काकांनी दोन मिनिटं वाट पाहिली आणि लिहून घेतलं, "बगळा, एक. मुक्काम गुहागर. एकटाच. स्वभावाने अबोल."

मी गाडीत बसून हॉर्न वाजवत होतो. सकाळपासून गाडी थांबवायची ती सातवी वेळ होती आणि आम्ही अजून गुहागरही सोडलं नव्हतं.

बच्चाकाका आमचे बनारसचे शेजारी. नाव बच्चा, वय बहात्तर. पाळण्यातलं नाव विश्वनाथ, पण बनारसात एकदा कुणी बच्चा झाला की तो नातवंडांच्या लग्नातही बच्चाच राहतो. मी चव्वेचाळीस वर्षांचा बँकेतला अधिकारी असून ते मला अजून मुन्ना म्हणतात, तेव्हा मी जास्त बोलू नये हे बरं. दुर्गाघाटाच्या आमच्या गल्लीत समोरासमोरची घरं इतकी जवळ आहेत, की माझ्या खिडकीतून हात लांबवला तर त्यांच्या खिडकीतला पानाचा डबा हाताला लागतो. लागतो हे मला ठाऊक आहे, कारण मी अनेकदा लांबवला आहे.

त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तीर्थोपाध्यायाचं काम. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यात्रेकरूंना उतरवून घ्यायचं, घाटावर त्यांचे विधी करायचे आणि शेवटी त्यांची नावं गाववार वहीत लिहायची. कोकणपट्टी काकांच्या घराकडे. त्यामुळे देवगडच्या माणसाला त्याच्या खापरपणजोबांचं नाव ते बसल्या जागी सांगतील, पण देवगड त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. बनारसबाहेर ते फार तर प्रयागपर्यंत गेलेले, आणि तिथलंही पाणी त्यांना मानवलं नव्हतं.

वहीपुरता त्यांचा एकच कायदा. "वहीत झूठ नाही." एकदा राजापूरचे एक गृहस्थ आले. म्हणाले, बायकोचे गुडघे धरलेत, ती गावीच राहिली, पण माझ्या नावापुढे सपत्नीक लिहून टाका, तिला बरं वाटेल. काका म्हणाले, "सपत्नीक लिहायला पत्नी समोर पाहिजे. जो आला त्याचंच नाव. उद्या तुमचा नातू येऊन वही उघडेल, त्याला मी काय तोंड दाखवू?" गृहस्थ रुसले. काकांनी त्यांना स्वतः स्टेशनवर पोचवलं, वाटेत दुधाच्या फेसाचा मलइयो खाऊ घातला, पण तो एक शब्द काही लिहिला नाही.

काकूही पहिल्यांदा त्या वहीतच आल्या. देवगडजवळच्या एका खेड्यातून वडिलांबरोबर यात्रेला आलेली मुलगी. काकांनी गाव विचारलं, कूळ विचारलं, सोबत कोण ते विचारलं, आणि पुढच्या वैशाखात लग्नच केलं. मूलबाळ झालं नाही. दोघांनी ती जागा भांडणाने भरून काढली, आणि भांडणाचा विषय जन्मभर एकच राहिला: सूंस.

सूंस म्हणजे गंगेतले डॉल्फिन. आता ते क्वचित दिसतात, पण काका-काकू रोज सकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसून वाट पाहायचे. दिसला तर काय दिसतो? काळी पाठ वर येते, फुस्स करून श्वास घेते आणि जाते. काका हात जोडायचे. काकू मात्र नाक मुरडायच्या.

"आमच्या समुद्रातले आख्खे बाहेर येतात. पाणी सोडून उड्या मारतात."

"सूंस आहे की माकड?" काका विचारायचे.

"चला आणि बघा."

"चलू की. पुढच्या माघात."

पुढच्या माघात यात्रेकरू असायचे. त्याच्या पुढच्या माघातही असायचे. माझ्या लहानपणापासून मी हा संवाद खिडकीतून ऐकत आलो. त्याचा इतका सराव झाला होता, की काकू गेल्यावर सकाळी मला जागच येईना. ती तीन वर्षांपूर्वीची गोष्ट.

या माघात एका सकाळी काका खिडकीत आले. "मुन्ना, रजा टाक. हिचा एक दावा तपासायचा राहिलाय."

"काका, आता तपासून काय करणार?"

"चाळीस साल मी तिला झूठी म्हटलं. ती झूठी होती की मी, हे मला मालूम पाहिजे. बस."

मी रजा टाकली. चिपळूणला माझा मेहुणा असतो, त्याची गाडी मागून घेतली. ठरलं असं की गुहागरपासून मालवणपर्यंत समुद्राच्या कडेकडेने जायचं, सूंस शोधायचे आणि पाच दिवसांत परतायचं. काकांनी त्यासाठी एक कोरी वही आणली. यात्रेकरूंचीच लांबोडकी, लाल कापडाची. "आपण त्यांच्या गावी चाललोय. जो भेटेल त्याची नोंद झाली पाहिजे." जो भेटेल त्यात बगळेही येतात हे मला नंतर कळलं.

ज्या गल्लीत गाडी शिरत नाही तिथे जन्म गेलेल्या माणसाला कधी पुढच्या सीटवर बसवू नये. रस्त्यात बैल दिसला, की काका खिडकीतून अर्धे बाहेर येऊन "हटो महादेव" म्हणत. म्हशीला महादेव, एसटीलाही महादेव. एसटीवाल्याने मागे वळून माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलेलो नाही.

गुहागरला बनारसच्या वहीतलं एक घर त्यांनी नावावरून शोधून काढलं. आधी त्या लोकांना वाटलं की आम्ही काही विकायला आलोय. मग काकांनी ओटीवर बसून त्यांच्या सात पिढ्या म्हणून दाखवल्या, तेव्हा शहाळी आली. सगळं छान चाललं असताना काका म्हणाले, "तुमचे आजोबा दोनदा आले होते. दुसऱ्या वेळी आजी वेगळी होती." पहिल्या आजीबद्दल घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी काकांना दंडाला धरून गाडीकडे नेलं. ते म्हणत होते, "अरे, पण वहीत आहे."

संध्याकाळी तिथल्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं समुद्रात सोडत होते. तळहातावर मावतील अशी बावीस पिल्लं वाळूतून तुरुतुरु निघाली. काका धोतर सावरून त्यांच्या मागे वाकून वाकून चालले, प्रत्येकाला "आराम से, आराम से" म्हणत. शेवटचं पिल्लू लाटेने उलटं पडलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि ते सुलटं होऊन पाण्यात गेल्याचं मी सांगितल्यावरच उघडले. वहीत नोंद झाली: "कासवं, बावीस. जन्म इथलाच. प्रस्थान ठेवलं. परतीचं सांगितलं नाही."

दुसऱ्या दिवशी जयगडच्या खाडीवर फेरीबोटीत गाडी चढवली. मध्यावर आलो आणि कुणीतरी ओरडलं, डॉल्फिन. आम्ही कठड्याशी धावलो. करड्या पाठी, एक, दोन, तीन. वर आल्या, वाकल्या, गेल्या. उडी नाही.

"बघ," काका म्हणाले. "आपल्यासारखेच. चार बोटं वर येतात. ही उगीच बोलायची."

मी म्हटलं, जिंकलात. ते हो म्हणाले. पण दुपारी खाणावळीत त्यांनी दोन मोदक पानात तसेच ठेवले, आणि काकांनी गोड टाकलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

गणपतीपुळ्याला तसंच झालं. पाठ दिसली, उडी नाही. वाटेत एका माडावर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड होता, घरट्यात दुसरा होता, त्यांची "सहकुटुंब" अशी नोंद झाली. जंगलाच्या वळणावर धनेशाची जोडी उडाली, तिची झाली. पण प्रत्येक खाडीवर काका जिंकत होते आणि प्रत्येक विजयानंतर थोडे थोडे गप्प होत होते. चौथ्या दिवशी काकूंच्या खेड्यात पोचलो. माहेरचं कुणी उरलेलं नव्हतं, घर दुसऱ्यांचं झालं होतं. त्या घरच्या बाईने अंगणात खुर्ची दिली. तिथून समुद्र दिसत होता, सपाट, तव्यासारखा. काका तासभर बसले. गाव विचारलं नाही, कूळ विचारलं नाही.

निघताना म्हणाले, "मुन्ना, मी जिंकू नये असं वाटतंय रे."

पाचव्या दिवशी सकाळी मालवणला होडी केली. तेवढा एकच दिवस हातात होता. होडीवाला चांगला होता, पण काका सारखे उभे राहत. "काकानू, बसान ऱ्हवा," तो म्हणाला, "होडी कलता." काका बसले आणि परत उठले. तासभर काही नाही. मग पाठी. चार बोटं. मी काकांकडे बघायचं टाळलं. होडीवाल्याने इंजिन बंद केलं आणि नुसतं बोट दाखवून म्हणाला, "थंय बघा."

पाणी फुटलं आणि तो बाहेर आला. डोकं, पोट, शेपटी, सगळा. पाण्याच्या वर, उन्हात, आख्खा. पडला तो धप्पकन, आणि आमच्या तोंडावर शिंतोडे आले. पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा उडाला.

काका हात जोडायचे विसरले. तोंड उघडं, चष्म्यावर खारं पाणी. मग ते हसायला लागले, असे की होडी खरंच कलली. "हरलो," ते म्हणाले, "मुन्ना, साफ हरलो. ही बिलकुल सच होती." होडीवाल्याचे दोन्ही हात धरून त्यालाही सांगितलं, "चाळीस साल हरत होतो, मला पत्ताच नाही." किनाऱ्यावरच्या चहावाल्याला सांगितलं, सोलकढी आणून देणाऱ्या बाईला सांगितलं, आणि चिपळूणपर्यंत वाटेत दिसलेल्या प्रत्येक बैलाला खिडकीतून सांगितलं. बँकेत बढती मिळाली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता, हे मी कबूल करतो.

परतीच्या रेल्वेत, इटारसी मागे पडल्यावर, जेवून काका आडवे झाले. वही उशाशी होती. गरुडाची नोंद त्यांनी बरोबर केली की नाही ते बघायला मी ती उघडली. प्रत्येक नोंदीखाली पाहणाऱ्यांची नावं होती. बगळ्याखाली, कासवांखाली, गरुडाखाली, सगळीकडे एकच ओळ: "पाहणारे: विश्वनाथ, काशीकर. सोबत मुन्ना." शेवटच्या पानावर लिहिलं होतं:

"समुद्रातला सूंस, एक. मुक्काम मालवण. पाण्याच्या दोन हात वर, आख्खा. उड्या तीन. पाहणारे: विश्वनाथ, काशीकर, सपत्नीक. सोबत मुन्ना."

मी मान वर केली तर काका जागे होते आणि माझ्याकडेच बघत होते.

"वाचलंस?"

"वाचलं."

"काही झूठ आहे का त्यात?"

मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी वही घेतली, तिचं लाल कापड नीट गुंडाळलं आणि छातीशी धरून उठून बसले. समोरच्या सीटवर नागपूरच्या बाजूचं एक जोडपं नुकतंच येऊन बसलं होतं. काकांनी चष्मा पुसला, त्या दोघांकडे बघून हसले आणि विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"