वहिनींचे एकशे सतरा क्रेडिट

एखाद्या माणसाला एखादं काम येतं की नाही, हे त्याला ते काम येतं की नाही यावरून ठरवणं हा अत्यंत ढोबळ आणि अशास्त्रीय मार्ग आहे. पूर्वीचे लोक तसंच ठरवत. सुतार खुर्ची बनवी, गिऱ्हाईक तिच्यावर बसे, आणि खुर्ची मोडली नाही तर सुतार चांगला, असं समजलं जाई. यात बसणाऱ्याला केवढा धोका होता याचा कुणी विचारच केला नाही. हल्ली आधी सुताराचा कागद बघतात. कागद ठीक असेल आणि खुर्ची मोडलीच, तर दोष बसणाऱ्याच्या वजनाचा असतो.

हे मी अधिकाराने सांगू शकतो, कारण मी एका ऑनलाइन विद्यापीठाच्या क्रेडिट पडताळणी कक्षात वरिष्ठ सहायक आहे. आमच्या विद्यापीठात वर्ग नाहीत, फळे नाहीत, घंटाही नाही. एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चार खोल्या, दोन प्रिंटर (पैकी एक चालू) आणि शिक्के ठेवायचं लोखंडी कपाट, एवढाच आमचा परिसर. इथून दरवर्षी सुमारे नऊ हजार लोक पदवीधर होऊन बाहेर पडतात. प्रत्यक्षात आत आलेले आजवर दोघेच, आणि त्यातल्या एकाला खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं.

पदवीला एकशे वीस क्रेडिट लागतात. ते सगळे आमच्याकडे शिकूनच मिळवावेत असा कोता विचार आम्ही करत नाही. पूर्वी कुठे शिकून अर्धवट सोडलं असेल तर ते घेऊन या, आम्ही जमेला धरू. (अर्धवटपणाचा इतका मान ठेवणारी दुसरी संस्था माझ्या पाहण्यात नाही.) एखादं प्रशिक्षण झालं असेल तर त्याचं प्रमाणपत्र आणा. काहीच नसेल तर नव्वद मिनिटांची परीक्षा द्या: साठ प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, पास झालात की तीन क्रेडिट. विद्या कुठूनही आणा, शिक्का मात्र आमच्याकडे मिळेल, असं आमचं उदार धोरण आहे.

आता वहिनींबद्दल. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो आणि वहिनी शहराच्या पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहेत, किंवा होत्या. सतरा वर्षं त्यांनी एकच काम केलं. सकाळी सहाला केंद्रावर जायचं, आलेल्या पाण्याचा वास घ्यायचा, सहा काचेच्या भांड्यांत तेच पाणी भरायचं, प्रत्येकात कमी-जास्त तुरटी घालून ढवळायचं आणि कुठल्या भांड्यातला गाळ आधी बसतो ते बघायचं. मग त्या ठरवत, आज टाकीत तुरटी किती आणि क्लोरीन किती. त्यावर सही करत. मग ते पाणी अडीच लाख लोक पीत आणि त्यांना काहीही होत नसे. काहीही न होणं हा वहिनींच्या कामाचा एकमेव पुरावा होता, आणि तो फाइलला लावता येत नाही.

वहिनींना पदवी नव्हती. वडील आजारी पडले म्हणून त्यांनी कॉलेज तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर सोडलं होतं. सतरा वर्षं ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही, कारण पाणी स्वच्छ येत होतं. अखेर एक परिपत्रक निघालं: ‘पाण्याच्या अहवालावर सही करणारी व्यक्ती पदवीधर असावी. अन्यथा सहा महिन्यांनंतर संबंधितांची बदली जावक विभागात करण्यात येईल.’ पदवी कुठल्या विषयाची, हे परिपत्रकात नव्हतं. तपशिलात शिरून गोंधळ वाढवू नये एवढी समज वरच्या लोकांना असते.

वहिनी परिपत्रक घेऊन माझ्याकडे आल्या. एरवी त्या माझ्या नोकरीबद्दल फारसं विचारत नसत. (एकदाच विचारलं होतं, “भाऊजी, तुम्ही नक्की काय करता?” मी समजावून सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.)

“मला पगाराचं काही नाही हो,” त्या म्हणाल्या. “तो तेवढाच राहणार आहे. पण त्या खोलीतून मला हलवतील. पाकिटं चिकटवायला बसवतील. आणि माझ्या जागी बिलं वाटणारे साहेब येणार, ते पदवीधर आहेत म्हणे.”

“कशातले?”

“ग्रंथालय.”

मी म्हटलं, “वहिनी, सहा महिने म्हणजे भरपूर झाले. मी आहे ना.”

आणि मी होतोच. फक्त, नात्यामुळे पक्षपात झाला असं कुणी म्हणू नये, म्हणून मी त्यांच्या फाइलबाबत इतरांपेक्षा जरा जास्तच कडक राहिलो. नातेवाइकांनी एवढं समजून घ्यायला हवं.

सुरुवात जुन्या कॉलेजच्या गुणपत्रिकांपासून झाली. त्यात एकसष्ट क्रेडिट निघाले. पैकी चोवीस रसायनशास्त्राचे होते, ते बाद झाले. आमच्या नियमाप्रमाणे विज्ञान दहा वर्षांनी शिळं होतं. व्यक्तिमत्त्व विकास, निबंधलेखन आणि शारीरिक शिक्षण यांना मुदत नाही. म्हणजे पाण्यात क्लोरीन टाकल्यावर काय होतं, हे वहिनींना आता ठाऊक नव्हतं, पण वीस वर्षांपूर्वी मैदानाला मारलेल्या चार फेऱ्या त्यांच्या अंगात अजून शाबूत होत्या. एकूण सदतीस मान्य.

मग प्रमाणपत्रं. प्रथमोपचार, आग विझवणं, टायपिंग, आणि केंद्रात सगळ्यांना सक्तीने बसवलेलं ‘हसतमुख कार्यालय’ नावाचं दोन दिवसांचं शिबिर. या सगळ्यांचे मिळून अकरा. यात सर्वांत जास्त, म्हणजे चार क्रेडिट, हसण्याला मिळाले.

कामाच्या अनुभवाला आमच्याकडे जास्तीत जास्त तीन क्रेडिट देता येतात, मग अनुभव एका वर्षाचा असो की जन्माचा. वहिनींनी सतरा वर्षांच्या नोंदवह्या पिशवीत भरून आणल्या. रोजचं पाणी, रोजचा गढूळपणा, रोजची तुरटी, सगळं बारीक अक्षरात. मी त्या चाळल्या. खोटं कशाला सांगू, मला त्या फार आवडल्या. पण आमच्या यादीत पाणी शुद्ध करणं हा विषय नव्हता, तेव्हा त्यांना ‘द्रव पदार्थांची हाताळणी’ या शीर्षकाखाली बसवलं. तिथे त्यांच्या आधी रसवंतीवाला एक आणि पेट्रोल पंपावरचे चौघे होते.

झाले एक्कावन्न. उरलेल्यांसाठी परीक्षा.

पाच महिन्यांत वहिनींनी बावीस परीक्षा दिल्या आणि बावीसच्या बावीस पास झाल्या. समाजशास्त्र परिचय, जाहिरातकला, मानवी संसाधने, नेतृत्वगुण, जगातली वस्त्रं. केंद्रावरून आल्या की एका हाताने कणीक मळत दुसऱ्या हाताने पुस्तक उलटायच्या. दादा दुकानातून आला की समोर बसून प्रश्न विचारायचा.

“नेत्याचा प्रमुख गुण कोणता? अ, धैर्य. ब, दूरदृष्टी. क, संवाद. ड, वरील सर्व.”

“वरील सर्व.”

“अगं, विचार तरी कर.”

“अहो, जिथे ‘वरील सर्व’ असतं तिथे तेच असतं. विचार केला की चुकतं.”

आमच्या कक्षाच्या पाहणीनुसार परीक्षा पास होणाऱ्यांपैकी ७१ टक्के लोकांना हे रहस्य चौथ्या परीक्षेपर्यंत उमगतं. उरलेले २९ टक्के विषय वाचत बसतात. पाण्याशी संबंधित अशी एकच परीक्षा आमच्याकडे आहे, ‘जलक्रीडा आणि पर्यटन व्यवस्थापन’. तीत वहिनींना शंभरापैकी एक्क्याण्णव मिळाले. त्या जन्मात कधी पोहल्या नाहीत.

बावीस त्रिक सहासष्ट. एक्कावन्न आणि सहासष्ट, एकशे सतरा. घरात आनंदीआनंद झाला. दादाने वहिनींना स्वतः चहा करून दिला (लग्नानंतर दुसऱ्यांदा).

राहिले तीन. हे शेवटचे तीन क्रेडिट मात्र विद्यापीठात राहूनच मिळवावे लागतात, असा नियम आहे. निवासाशिवाय विद्यार्थ्यावर संस्कार होत नाहीत. आता ज्या विद्यापीठाला जागाच नाही तिथे राहायचं कसं, असा प्रश्न उथळ लोक विचारतात. त्याचं उत्तर सोपं आहे: विद्यार्थ्याने पंचेचाळीस तास संगणकासमोर बसायचं आणि त्याचा चेहरा कॅमेऱ्यात दिसत राहायला हवा. शेवटचे सहा तास सलग. चेहरा नव्वद सेकंदांपेक्षा जास्त वेळ दिसेनासा झाला की विद्यार्थी ‘अनिवासी’ होतो आणि पंचेचाळीस तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

या निवासात शिकायचा विषय एकच, ‘विद्यापीठाची ओळख’. पहिल्याच धड्यात लिहिलं आहे, ‘नव्या विद्यार्थ्यांनो, घाबरू नका.’ वहिनी एकशे सतरा क्रेडिट घेऊन तिथे पोहोचल्या होत्या, तरी त्यांनी तो धडा मन लावून वाचला. शेवटी एक निबंध होता: ‘पदवीनंतर मला कोण व्हायचे आहे?’ वहिनींनी लिहिलं, ‘आत्ता आहे तीच.’ संगणकाने तो परत पाठवला. पाचशे शब्द हवे होते, चारशे सत्त्याण्णव कमी पडत होते. तो कागद माझ्या टेबलावर आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. मग नियमाप्रमाणे लाल शेरा मारला. वहिनींनी बिचाऱ्यांनी नंतर पाचशे दोन शब्द लिहून दिले, नेतृत्व आणि दूरदृष्टीबद्दल.

सहा महिने संपायच्या आदल्या दिवशी वहिनींनी रजा काढली आणि सकाळी आठ वाजता शेवटच्या सलग सहा तासांना बसल्या. माझ्या पडद्यावर, इतर एकशे बारा निवासी विद्यार्थ्यांच्या शेजारी, एका चौकोनात त्यांचा चेहरा दिसत होता. पदर नीट, केस नीट, मागे कपड्यांचं कपाट. मला अभिमान वाटला.

साडेबारा वाजता त्यांचा फोन वाजला. केंद्रावरच्या पंपवाल्या काकांचा होता. चेहरा चौकोनातून हलू नये म्हणून वहिनींनी स्पीकर लावला. (निवासी विद्यार्थ्याचं संभाषण आम्हाला ऐकू येतं. ही सोय आहे.)

“ताई, वरून पाणी फार लाल आलंय. गाळ बसतच नाहीये. बिलंवाले साहेब म्हणतात, नेहमीएवढीच तुरटी टाका.”

“भांड्यांत बघितलं का?”

“सहाही भांडी तशीच आहेत. आणि वास येतोय ताई.”

“कसला? मातीचा की कुजल्याचा?”

“ते तुम्हीच येऊन सांगा.”

वहिनींनी घड्याळाकडे बघितलं. दीड तास उरला होता. मग त्यांनी सरळ कॅमेऱ्यात बघितलं, म्हणजे माझ्याकडे, कारण मी बघत असणार हे त्यांना ठाऊक होतं.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “पुरवठा एक वाजता सोडतात.”

मला उत्तर देता आलं असतं. बोलायचं बटण आमच्याकडे आहे. पण पडताळणी अधिकाऱ्याने विद्यार्थ्याला सूचना देऊ नये, असं कलम आहे, आणि मी कलम पाळलं. चौकोनात नुसतं कपाट दिसायला लागलं. मी सेकंद मोजले. नव्वद झाले. मी आणखी दहा थांबलो (हा पक्षपात मी इथे प्रथमच कबूल करतो), मग ‘अनिवासी’वर टिचकी मारली. मला वाईट वाटलं. खरोखर वाटलं. त्या दिवशी डबा तसाच घरी परत नेला.

केंद्रावर पुरवठा चार तास उशिरा सुटला. उशिराबद्दल एक हजार एकशे तक्रारी आल्या. आजारी कुणी पडलं नाही, त्यामुळे त्याबद्दल काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी जावक विभागात रुजू झाल्या.

ही हकीकत मी बऱ्याच लोकांना सांगितली आहे. शिकलेली, चांगली माणसं. सगळे इथवर आले की पुढे सरकून एकच विचारतात, “मग पदवी मिळाली का हो त्यांना?” तुम्हीही तेच विचारणार होता. मिळाली. पुन्हा पंचेचाळीस तास बसल्या आणि सात आठवड्यांनी पहिल्या वर्गात पास झाल्या. पण सही करायचा अधिकार त्या खुर्चीचा असतो आणि खुर्ची आता ग्रंथालयवाल्या साहेबांकडे आहे. साहेब सज्जन आहेत. त्यांनाही पाण्यातलं आपल्याला काही कळत नाही हे कळतं. म्हणून रोज सकाळी पंपवाले काका एक बाटली भरून गुपचूप जावक विभागात आणतात. वहिनी पाकिटं बाजूला सारून वास घेतात, बाटली उजेडात धरतात आणि काय वाढवायचं, काय कमी करायचं ते सांगतात. काका परत जाऊन तसं करतात, साहेब सही करतात. सगळं सुरळीत चाललं आहे आणि सगळे पदवीधर आहेत.

तर पदवीचं तुम्ही विचारलंत. पाण्याचं अजून कुणीही विचारलेलं नाही, म्हणून मीच सांगतो. ही व्यवस्था आठवड्यातून सहा दिवस असते. गुरुवारी काकांची सुट्टी असते. तुम्ही हे कुठल्या वारी वाचताय मला ठाऊक नाही, पण शेजारी पेला भरून ठेवला असेल, तर आधी कॅलेंडर बघा.